मालकांचा जिताडा

आमचे नवी मुंबईतल्या करावे गावातले घरमालक खोली भाड्यानं देताना कुणाची जात विचारत नसत. मांसमच्छी चालते का, हेही नाही. गल्लीच्या तोंडाशीच सुकटाचा वास येतो, तो सोसून जो जिन्यापर्यंत पोचला त्याला आणखी काय विचारायचं? खोली दाखवून झाली की ते खालच्या पायरीवर बसायचे आणि एकच प्रश्न टाकायचे. "कंपुटर कंचा वापरता?"

आम्ही सांगलीकडचे. नवऱ्याची बदली इकडे झाली म्हणून घर शोधत फिरत होतो. त्यानं आधार कार्ड, कंपनीचं पत्र, जुन्या मालकाचा फोन नंबर, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट लावून आणलं होतं. मालकांनी त्याला हातही लावला नाही. "माझा विंडोज, हिचा मॅक," असं नवरा म्हणाला तेव्हा मात्र पत्रिकेत मंगळ निघाल्यावर मुलाकडचे होतात तसे ते गप्प झाले. मी पुस्तकांची पानं कॉम्प्युटरवर लावायचं काम घरून करते, मॅक ऑफिसनं दिलाय, असं मी जरा ठसक्यातच सांगितलं. "एका घरात दोन बोली," ते म्हणाले. "ऱ्हावा. जमवू आपन." भाड्याचं काय ते नंतर काकींनी ठरवलं. काकी म्हणजे मालकीणबाई. व्यवहार सगळा त्यांच्याकडे होता.

दुसऱ्या दिवशी माझे डबे अजून खोक्यात होते आणि मालक ड्रिल मशीन घेऊन दारात हजर. स्वयंपाकघराच्या खिडकीला भोक पाडून त्यांनी एक निळी वायर आत ओढली आणि माझ्या टेबलापाशी आणून सोडली. मी म्हटलं, "मालक, वायफाय आहे की सगळीकडे." ते भोकात सिमेंट भरत होते. "हवेवर काय भरवसा ठेवता," म्हणाले, "वायर दिसते तरी."

इमारत चार मजल्यांची, गावठाणातल्या त्यांच्या जुन्या घराच्या जागेवर उभी केलेली. प्रत्येक बिऱ्हाडातून अशी एक निळी वायर निघून खाली मालकांच्या मधल्या खोलीत जायची. तिथे एक जुना, विंडोजवर चालणारा कॉम्प्युटर कायम चालू असायचा. त्यात सगळ्या बिऱ्हाडांचा मिळून एक मोठा फोल्डर होता. लग्नाचे फोटो, पोरांचे प्रोजेक्ट, लाइट बिल, एक्स-रे, ज्याला जे ठेवायचं ते त्यात ठेवायचं, आणि ज्याला हवं त्यानं आपापल्या फोनवर, लॅपटॉपवर, टीव्हीवर उघडायचं. एक वस्तू एकदाच, हा मालकांचा नियम. तोच फोटो दोन ठिकाणी सापडला की त्यांचं डोकं फिरायचं. "घरात पाटा येकच असतो ना? का दर खोलीत पाटा ठेवता तुमी?"

मालक दिघ्याकडच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले त्या सुमारास नातीचा कॉम्प्युटर बिघडला, तो उघडून बसले ते परत उठलेच नाहीत, असं काकी सांगायच्या. ही नात म्हणजे मुलाची मुलगी, पण लहानपणापासून आजीआजोबांकडेच वाढलेली. मालक उंच, काटक, अंगात बनियन आणि कानावर नेहमी एक पेन्सिल. त्या पेन्सिलीनं लिहिताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. वायरीची बारीक खिट्टी दाबायला ती वापरायचे.

जोडलेल्या प्रत्येक यंत्राला ते खाडीतल्या माशाचं नाव द्यायचे. मधल्या खोलीतला कॉम्प्युटर अर्थातच जिताडा, माशांतला राजा. माझ्या नवऱ्याचा लॅपटॉप बोय. माझा मॅक थोडा वेळ हात लावला नाही की झोपी जायचा आणि खालच्या पडद्यावरून गडप व्हायचा, म्हणून त्याचं नाव निवटी. निवटी चिखलातून डोकं काढते, चाहूल लागली की आत शिरते. मला आधी राग आला, पण नाव बसलं खरं. काकींना यातलं काहीच बसत नव्हतं. "जल्ला, ताटात जिताडा येत नाय आन पेटीत घालून बसलाय," असं त्या जिन्यातून जाणाऱ्या कुणालाही ऐकवायच्या. साऱ्या इमारतीत वायर नसलेलं माणूस एकच, काकी. बटणाचा फोन, तोही पदराच्या गाठीत. अंगणावरून गेलेल्या निळ्या वायरींवर त्या खुशाल बोंबील वाळत घालायच्या. फाईल उघडायला वेळ लागला की मालक आधी खिडकीतून अंगणात बघायचे.

एका सकाळी मालक वर आले. चहा नको म्हणाले, म्हणजे भांडायलाच आले होते. "तुमची निवटी माज्या फोल्डरात हागून जाते."

मी उडालेच. मग त्यांनी फोनवर दाखवलं. ज्या ज्या फोल्डरात मी डोकावले होते, त्या प्रत्येकात मॅकनं आपली एक बारकी फाईल टाकून ठेवली होती, नावाच्या आधी टिंब असलेली. मला ती दिसायची नाही, खाली त्यांना दिसायची. नातीच्या मार्कशीटच्या शेजारी एक, तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सच्या एक्स-रेपाशी एक. मी म्हटलं, "मालक, हे मी नाही करत, मशीन करतं." ते म्हणाले, "मशीन कोनाचं?" या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. दोन दिवस मी फुरंगटून होते, मग ते टाकणं बंद कसं करायचं ते शोधून काढलं. संध्याकाळी काकींनी वाटीभर कोलबीचं कालवण पाठवलं. ते कुणाच्या सांगण्यावरून आलं हे मला विचारायला लागलं नाही.

दुसऱ्या खेपेला भांडण नावावरून झालं. एका पुस्तकाच्या कव्हरच्या फाईलला मी "हेच नक्की का?" असं नाव दिलं होतं. मॅकला प्रश्नचिन्ह चालतं, विंडोजला चालत नाही, त्यामुळे खाली त्या नावाचं काहीतरी भलतंच वेडंवाकडं झालं. मालकांनी मला जिन्यात गाठलं. "नावात इचारायचं नाय. काय इचारायचं ते आत इचारा." तेव्हापासून माझ्या फायलींची नावं फार ठाम झाली, ऑफिसातही.

त्यांना दुसऱ्याचं काही बघताना संकोच म्हणून वाटत नसे, आणि बघितलेलं बाहेर बोलायचेही नाहीत. लोकांचे आडवे आलेले फोटो सरळ करणं हा त्यांचा दुपारचा उद्योग. माझ्या मावसभावाच्या मुंजीचे, नर्सच्या गावच्या जयंतीच्या मिरवणुकीचे, ज्यांना त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं अशा माणसांचे फोटो ते एकेक करून उभे करायचे. "मान वाकडी करून कोनी बघायचं?" एवढंच म्हणायचे.

बाहेरून कुणाची पेनड्राइव्ह किंवा डिस्क इमारतीत आली, की ती आधी त्यांच्याकडे जायची. आतलं सगळं काढून ते मोठ्या फोल्डरात नीट ठेवायचे. मग ती डिस्क फॉरमॅट करायचे, म्हणजे पार कोरी करून नव्या पद्धतीनं बसवायचे. ही पद्धत त्यांनी बरीच खटपट करून शोधली होती. तशी बसवलेली डिस्क विंडोज वाचायचा, मॅक वाचायचा, टीव्हीही वाचायचा, आणि तिच्यावर मोठा पिक्चरसुद्धा मावायचा. "आथा ही सगल्यांशी बोलंल," म्हणून ते ती परत करायचे. याच सवयीनं पुढे त्यांचा घात केला.

काकी धवलारीण होत्या. आगरी लग्नात हळदीपासून ते वरात निघेपर्यंत धवला गायला जातो, देवांना, पूर्वजांना, घरच्या थोरांना नावानिशी बोलावलं जातं, आणि तो गाणारी बाई म्हणजे धवलारीण. तिच्याशिवाय हळद लागत नाही. काकींनी हे आपल्या आईकडून घेतलं होतं. आसपासच्या गावांत किती मंडपांत त्या गायल्या असतील, त्यांनाही आठवत नव्हतं. मग त्यांच्या गळ्यात गाठ झाली. ऑपरेशन ठीक झालं, पण आवाज गेला. उरला तो नुसता श्वास. समोर बसून कान दिला तर कळायचं, नाहीतर ओठ हलताना दिसायचे. बोंबलांवरून ओरडणंही थांबलं, आणि अंगण सुनं वाटायला लागलं.

त्याच वर्षी नातीचं लग्न ठरलं. नात आजीसारखीच तोंडाची फटकळ. तिनं जाहीर केलं, "आजीचा धवला नसेल तर मला हळद नको. डीजे लावून मी बसणार नाय." गावातली दुसरी धवलारीण केव्हाच वारली होती. बाहेरची आणली तर तिचा धवला वेगळा, काकींच्या आईकडून आलेला नव्हे.

मालकांना यात अडचण काय तेच कळेना. "भाच्यानं शूटिंग केलंय ना इतक्या लग्नांचं. फाईल आनू, मंडपात वाजवू."

काकींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खुर्चीत मागे सरकले. मग मला जवळ बोलावून कानाशी म्हणाल्या, "त्यात दुसऱ्या पोरींची नावं हायेत. दुसरीचं नाव घेऊन हिला हळद लावायची कं?"

मी ते मोठ्यानं सांगितलं. मालक पेन्सिल कानावरून काढून खाली-वर करत राहिले. त्यांच्या आयुष्यात फाईल म्हणजे फाईल, ती कुठेही उघडते. ही एकच अशी निघाली की जी एका मंडपातून दुसऱ्या मंडपात नेता येत नव्हती. शेवटी नातीनंच तोड काढली. रेकॉर्डिंग ऐकून कुणीतरी शिकायचं, नावं बदलून गायचं. आजी सोबत बसेल, चुकलं की सांगेल. स्वतः नवरी असल्यामुळे ती गाऊ शकत नव्हती. कुणीतरी म्हणजे मी आणि तिसऱ्या मजल्यावरची नर्स. नर्स मराठवाड्याची, गळा गोड. माझा गळा बरा आहे एवढंच म्हणेन, पण नाही म्हणायची सोय नव्हती.

हा भाचा म्हणजे मालकांच्या बहिणीचा मुलगा, लग्नांचं शूटिंग करायचा; तोवर तो दुबईला नोकरीला गेला होता. धंदा बंद करताना त्यानं सगळं डिस्कवर उतरवून आईकडे ठेवलं होतं. तिनं दोन डिस्का एका पिशवीत घालून पाठवून दिल्या. मी तेव्हा माहेरी गेले होते. पहिली डिस्क उघडली, तिच्यात फोटो होते. ते मालकांनी काढून ठेवले. दुसरी लावली तर पडद्यावर आलं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? मालकांना वाटलं, भाचा गुणाचा, एक भरलेली धाडली आणि कॉपी करून परत पाठवायला एक कोरी. त्यांनी हो म्हटलं आणि आपल्या आवडत्या पद्धतीनं बसवून टाकली. त्या डिस्कवर सगळे धवले होते. भाचा व्हिडिओचं काम मॅकवर करायचा, डिस्क मॅकच्या पद्धतीची होती, आणि विंडोजला ती वाचता आली नाही म्हणून त्यानं तसं विचारलं होतं. माझ्या मॅकवर ती लावली असती तर लगेच उघडली असती.

भाच्याला दुबईला फोन लावल्यावर हे कळलं. दुसरी प्रत त्याच्याकडे नव्हती. एक वस्तू एकदाच.

मी सांगलीहून आले तेव्हा मालक मधल्या खोलीत बंद पडद्यासमोर बसले होते. "मी पुसला तिला," एवढंच म्हणाले. ते डिस्कबद्दल बोलत नव्हते. इतके दिवस या माणसाच्या तिरसटपणाला मी हसत आले होते, पण त्या दिवशी त्यांच्याकडे बघवेना. काकींनी एक शब्द काढला नाही. आधीच आवाज नाही, त्यात अबोला. मालकांना दोन्हींतला फरक कसा कळला देव जाणे, पण कळला. जेवणाचं ताट त्यांच्यापुढे यायचं आणि काकी अंगणात जाऊन बसायच्या.

डिस्क वाशीतल्या एका दुकानात दिली. तिथला माणूस म्हणाला, बरं झालं त्यानंतर यावर काही भरलं नाही. आतलं बरंचसं जागेवर आहे, कुठे काय ठेवलं याचा पत्ता तेवढा गेलाय. त्यानं जे काढून दिलं ते म्हणजे नुसते तुकडे. नाव नाही, क्रम नाही, फक्त आकडे. कशात चित्र होतं आणि आवाज नव्हता, कशात काळ्या पडद्यावर नुसता काकींचा आवाज, मधूनच सुरू होणारा आणि मधूनच तुटणारा. मालकांनी सगळं जिताड्यात ओतलं आणि इमारतभर सांगितलं, ज्याच्या ज्या यंत्रावर जे उघडेल ते उघडा. काही तुकडे फक्त माझ्या मॅकवर उघडायचे, काही नर्सच्या टीव्हीवर. फोनवर तर बहुतेक रुसूनच बसायचे.

पण तुकडा उघडला तरी तो काय आहे हे सांगणार कोण? ते एकाच माणसाला माहीत होतं. म्हणून काकी जिने चढायला लागल्या. दुपारी जेवणं आटोपली की माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसायच्या. ज्या वायरीवर बोंबील टाकले तिच्यातूनच स्वतःचा आवाज येतोय, हे त्यांना पहिल्यांदा फार विचित्र वाटलं असावं. मग त्या रमल्या. डोळे मिटून ऐकायच्या आणि कुठल्या विधीचं गाणं ते कुजबुजायच्या, "ही उंबर आनायची. ही घाना भरतानाची. ही मागं घे, आधी देव येतात." मी नावं लिहीत जायचे. एखाद्या तुकड्यात स्वतःचा भरदार आवाज उंच चढला की त्यांचा हात गळ्यावर जायचा. तेव्हा मी पडद्याकडेच बघत राहायचे. मालक जिन्यात येऊन थांबायचे, चप्पल वाजायची, पण आत येत नसत. काकी बोलवत नसत.

असा तो धवला जुळत गेला. नर्स आणि मी पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना तोच म्हणायचो. माझ्या नवऱ्यालासुद्धा अर्धा पाठ झाला. आगरी बोली माझ्या तोंडात नीट बसेना, मी "पाणी" म्हटलं की काकी मांडीवर चापट मारायच्या, "पानी".

एका तुकड्यात काकींच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नातला धवला होता. घरच्या थोरांची नावं येतात तिथे सासऱ्यांचं आलं, दिरांचं आलं, आणि मालकांच्या जागी नुसतं "घरचा धनी" म्हणून त्या पुढे गेल्या. मी विचारलं तर हसल्या. त्यांच्या पिढीत नवऱ्याचं नाव घेत नाहीत. उखाण्यातसुद्धा त्यांनी कधी घेतलं नव्हतं, म्हणाल्या. आम्हीही तसंच पाठ केलं.

हळदीच्या दिवशी अंगणात मंडप होता. नात पाटावर, मी आणि नर्स तिच्या मागे, आणि आमच्यामध्ये काकी. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता, बोटांनी ठेका दाबत होत्या. मालक पार कोपऱ्यात, रेकॉर्डिंगच्या सामानाशी. एक माइक त्यांनी आमच्या पुढ्यात ठेवला होता आणि त्याची वायर सगळ्यांच्या पायांखालून सांभाळत नेली होती. आम्ही सुरुवात केली. मग देव आले, पूर्वज आले, आणि बायका गप्प होऊन ऐकायला लागल्या. एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "हिचाच हाय गं, हिचाच." नातीनं मागे वळून आजीकडे बघितलं. तिची हळद तिच्या आजीच्या धवल्यानं लागत होती, तिच्या नावानं.

घरच्या थोरांची नावं आली. सासरे झाले, दीर झाले. आता "घरचा धनी" म्हणायला मी तोंड उघडलं तर काकींनी माझा गुडघा घट्ट दाबला. मी थांबले. नर्सही थांबली. आणि त्या उरलेल्या श्वासात, चाल न सोडता, काकींनी मालकांचं नाव घेतलं. सरळ, पूर्ण नाव. मंडपाच्या गलक्यात ते कुणाला ऐकू गेलं नसेल. मी खेटून बसले होते म्हणून मला आलं. मग त्यांनी गुडघा सोडला आणि आम्ही पुढे गेलो.

लग्न पार पडलं. काकी पुन्हा मालकांना ताट वाढून समोर बसायला लागल्या. मोठ्या फोल्डरात लग्नाचं सगळं येऊन पडलं, फोटो, वरात, जेवणाच्या पंगती, नवरदेवाच्या मित्रांचा नाचसुद्धा. फक्त धवला नव्हता. काही दिवस वाट बघितली. मग खाली गेले. मालक कुणाचे तरी आडवे फोटो सरळ करत होते.

"मालक, धवला राहिलाय टाकायचा."

"ऱ्हायला नाय," ते म्हणाले. "हाय माज्याकडं."

"मग फोल्डरात का नाही?"

पडद्यावरचा फोटो सरळ झाला होता, तरी त्यांनी तो आणखी एकदा फिरवला.

"मंडपात मना आयकू नव्हतं आलं. घरात येऊन आयकलं, कानाला लावून." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "तिनं माजं नाव घेतलंय त्यात. ते मी सगल्यांत कसं ठेवू?"